थॅडियस स्टीव्हन्स: मतांचा हिशोब पक्का, चाळीस एकर मात्र हुकले

बखरवाला

अमेरिकेच्या यादवी युद्धाची चर्चा आपल्याकडे लिंकनपासून सुरू होते आणि बहुतेक वेळा लिंकनपाशीच संपते. लिंकन गेल्यावर गुलामगिरीचं कायद्यातलं भूत गाडायचं काम काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, ज्यांनी केलं, त्यांत पेनसिल्व्हेनियाचा थॅडियस स्टीव्हन्स सगळ्यात पुढे होता. हा धागा त्याच्यासाठी.

आधी जुजबी माहिती. जन्म ४ एप्रिल १७९२, डॅनव्हिल, व्हर्मॉंट. एक पाऊल जन्मापासून वळलेलं. बाप घर सोडून गेला, आईनं काबाडकष्ट करून शिकवलं. १८१४ साली डार्टमथ कॉलेजातून पदवी, मग पेनसिल्व्हेनियात शिक्षकी आणि सोबत वकिलीचा अभ्यास. १८१६ पासून गेटिसबर्गला वकिली, १८४२ पासून लँकेस्टरला. राज्याच्या विधिमंडळात १८३३ पासून, काँग्रेसमध्ये १८४९ ते १८५३ आणि पुन्हा १८५९ पासून ११ ऑगस्ट १८६८ ला मरेपर्यंत. पक्ष बदलत गेले: आधी फ्रीमेसन मंडळींविरुद्धचा पक्ष, मग व्हिग, शेवटी रिपब्लिकन.

त्याची ख्याती जिभेसाठी आहे, पण माझ्या मते खरी ताकद कार्यपद्धतीत होती. ४ डिसेंबर १८६५ चा दिवस घ्या. नवं प्रतिनिधिगृह (काँग्रेसचं खालचं सभागृह) पहिल्यांदा भरतं तेव्हा सभापती निवडलेला नसतो. तोवर जुन्या गृहाचा क्लार्क कामकाज चालवतो आणि त्याच्या यादीतली नावं हजेरीला पुकारतो. यादीत नाव नाही तर सभापतीच्या निवडणुकीत मतही नाही. लिंकननंतरचा अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यानं दक्षिणेत घाईघाईनं सरकारं उभी करून तिथून प्रतिनिधी निवडून पाठवले होते. क्लार्क होता एडवर्ड मॅकफर्सन, गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्या तालमीतला. त्यानं दक्षिणेतलं एकही नाव पुकारलं नाही. टेनेसीचा होरेस मेनार्ड तर युद्धात संघराज्याच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस. तो बोलायला उठला, पण हजेरी चालू असताना मध्ये बोलता येणार नाही म्हणून त्यालाही खाली बसवलं.

मग स्कायलर कोलफॅक्स सभापती झाला आणि लगेच स्टीव्हन्सनं ठराव मांडला: दोन्ही सभागृहांची १५ जणांची संयुक्त समिती, ९ प्रतिनिधी आणि ६ सिनेटर, तिचा अहवाल येईपर्यंत दक्षिणेतल्या कुणालाही आत घ्यायचं नाही. हे डावपेच त्यानं आदल्याच आठवड्यात पक्षाच्या बैठकीत पक्के करून घेतले होते, त्यामुळे सभागृहात वेळ गेला तो मोजणीपुरताच.

तिरपी रेघ

माहिती छान, पण एक पायरी गाळलीत. स्टीव्हन्सचा मूळ ठराव ‘संयुक्त ठराव’ या प्रकारातला होता, आणि त्यावर अध्यक्षाची सही लागते. म्हणजे ज्याचे पंख छाटायचे त्याच्याकडेच कात्री मागितल्यासारखं. सिनेटनं तो बदलून ‘समवर्ती ठराव’ केला, त्याला सही लागत नाही. पण तसं करताना ‘कुणालाही आत घ्यायचं नाही’ हे बंधनही काढून टाकलं. समितीचं अध्यक्षपदही स्टीव्हन्सला मिळालं नाही. ते मेनच्या विल्यम पिट फेसेंडेन या सबुरीनं चालणाऱ्या सिनेटरकडे गेलं. तेव्हा म्हाताऱ्यानं एका दिवसात बाजी मारली, हे चित्र थोडं रंगवलेलं आहे.

बखरवाला

मान्य. ठरावाचा प्रकार मी लिहायला हवा होता.

ओसरीवरची

मला यातला मूळ पेच नीट कळत नाहीये. दक्षिण हरली. तिचे प्रतिनिधी आले तरी अल्पमतातच असणार ना? मग एवढी भीती कशाची?

मुंगळा

भीती गणिताची. मूळ घटनेत जागा ठरवताना गुलामांची मोजणी तीन पंचमांश होती, म्हणजे १०० गुलाम म्हणजे ६० माणसं. गुलामगिरी संपली की तीच माणसं १०० ची १०० मोजली जाणार. मतदानाचा हक्क मात्र त्यांना नाही.

१८६० च्या जनगणनेत गुलाम होते ३९,५३,७६०. त्यांचे दोन पंचमांश म्हणजे १५,८१,५०४ माणसं, जी आधी मोजली जात नव्हती. त्या काळी एका जागेमागे लोकसंख्या धरा साधारण सव्वा लाख. म्हणजे बारा-तेरा जागा दक्षिणेला फुकट. अध्यक्षाच्या निवडणुकीतही तेवढीच मतं जास्त, कारण ती मतं काँग्रेसमधल्या जागांवरच ठरतात. युद्ध हरून वजन वाढलं! उत्तरेतले डेमोक्रॅटिक पक्षाचे सदस्य आणि ही वाढीव दक्षिण एकत्र आली की बहुमत गेलं. आणि मग दक्षिणेनं युद्धासाठी काढलेलं कर्ज अमेरिकेच्या तिजोरीतून फेडायचा ठरावही येऊ शकला असता.

चौदाव्या घटनादुरुस्तीचं दुसरं आणि चौथं कलम या दोन भीतींवरचं औषध आहे. दुसरं कलम सांगतं की २१ वर्षांवरच्या जितक्या पुरुष नागरिकांचा मताधिकार नाकाराल, त्या प्रमाणात तुमच्या जागा कमी. चौथं कलम सांगतं की बंडखोरांचं कर्ज आणि गुलाम गेल्याची नुकसानभरपाई, दोन्ही रद्दबातल.

घटनापीठ

मुंगळा यांनी नेमकं मांडलंय. पुढे काय बिघडलं तेही पाहा.

जागा कमी करण्याची दुरुस्ती आधी सुटी मांडली होती. प्रतिनिधिगृहात ती ३१ जानेवारी १८६६ ला १२० विरुद्ध ४६ अशी पास झाली. सिनेटमध्ये ९ मार्चला २५ विरुद्ध २२ पडली; दोन तृतीयांश कुठून व्हायचे? ती पाडण्यात पुढाकार होता सिनेटर चार्ल्स समनरचा, म्हणजे स्टीव्हन्सच्याच गोटातला माणूस. समनरचा मुद्दा तत्त्वाचा होता. ‘नाकाराल तर जागा कमी’ असं लिहिणं म्हणजे नाकारायला घटनेची परवानगी देणं. बरोबरच होतं ते. पण हातात उरलं काय? काहीच नाही. स्टीव्हन्सचा त्यावरचा संताप नंतरच्या भाषणात स्पष्ट दिसतो.

त्यानंतर सगळं एका मोटेत बांधून चौदावी दुरुस्ती आली. प्रतिनिधिगृहात १० मे १८६६ ला १२८ विरुद्ध ३७. सिनेटनं तिसरं कलम बदललं. मूळ मसुद्यात होतं की बंडाला स्वखुशीनं साथ देणाऱ्यांना ४ जुलै १८७० पर्यंत केंद्रीय निवडणुकीत मत नाही. त्याऐवजी आलं ते एवढंच की, आधी घटनेची शपथ घेऊन नंतर बंडात गेलेल्यांना पद मिळणार नाही. स्टीव्हन्सला ही पडती बाजू वाटली. तरी १३ जूनला त्यानं मसुदा स्वीकारायला सांगितलं आणि १२० विरुद्ध ३२ मतांनी काम झालं. इतका अपुरा मसुदा का स्वीकारता, याला त्याचं त्या दिवशीचं उत्तर असं होतं की मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही.

दोन बारकावे. एक, पहिलं कलम, ज्यात ‘कायद्याचं समान संरक्षण’ आहे, ते मुख्यतः ओहायोच्या जॉन बिंगहॅमचं. ते स्टीव्हन्सच्या नावावर टाकू नये. आपल्या घटनेच्या अनुच्छेद १४ मधला ‘कायद्याचे समान संरक्षण’ हा भाग तिथूनच आलेला आहे. दोन, दुसऱ्या कलमातली जागा कापायची तरतूद पुढे एकदाही वापरली गेली नाही. दक्षिणेनं काळ्यांची मतं दशकानुदशकं दाबली आणि जागा मात्र पुऱ्या घेतल्या.

ओसरीवरची

धन्यवाद, आता उजेड पडला. आणि ‘पुरुष’ हा शब्द त्या घटनेत पहिल्यांदा घुसला तो याच दुसऱ्या कलमात. एलिझाबेथ कॅडी स्टँटन आणि सुझन अँथनी यांनी त्यावर रान उठवलं होतं. मोजणी बरोबर यावी म्हणून घातलेल्या एका शब्दानं अर्धी लोकसंख्या बाहेर राहिली, हेही हिशोबात धरा.

तिरपी रेघ

बखरवाला यांनी ४ डिसेंबरचा उल्लेख केला म्हणून. ही तारीख स्टीव्हन्सच्या आयुष्यात आधी एकदा येऊन गेली आहे. ४ डिसेंबर १८३८, हॅरिसबर्ग, पेनसिल्व्हेनियाचं विधिमंडळ.

त्या निवडणुकीत फिलाडेल्फिया परगण्यातून सदस्यांच्या दोन वेगवेगळ्या याद्या आल्या. ज्या पक्षाची यादी धरली जाईल त्याचं बहुमत. राज्याचा सचिव थॉमस बरोज स्टीव्हन्सच्या गोटातला, त्यानं आपल्या सोयीची यादी पुढे केली. परिणाम असा की एकाच दालनात दोन सभागृहं, दोन सभापती. बाहेर जमाव खवळलेला. संध्याकाळी जमाव सिनेटच्या दालनात घुसला तेव्हा स्टीव्हन्स, बरोज आणि सिनेटचा अध्यक्ष पेनरोज हे तिघं मागच्या खिडकीतून उड्या टाकून पळाले. गव्हर्नर रिटनरनं लष्कर बोलावलं, त्यांच्या छऱ्यांच्या काडतुसांवरून या प्रकाराला ‘बकशॉट युद्ध’ नाव पडलं. शेवटी तीन व्हिग सदस्य पलीकडे जाऊन बसले आणि स्टीव्हन्सचा डाव फसला.

१८३८ ला यादी हातात होती, पण मतं पक्की नव्हती. १८६५ ला दोन्ही होतं. फरक इतकाच.

बखरवाला

ही जोडणी झकास आहे राव. तारीख डोक्यात होती, पण दोन्ही घटना शेजारी ठेवून कधी पाहिल्या नव्हत्या.

रानवाट

स्टीव्हन्सला सरळ देवपण देण्याआधी १८२१ चा बटलर खटला वाचावा. चॅरिटी बटलर नावाच्या बाईनं आपण आणि मुलं स्वतंत्र असल्याचा दावा लावला होता. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्यानं बाहेरचा गुलाम सहा महिने राज्यात ठेवला की तो मुक्त. मालकाकडची मंडळी तिला घेऊन मेरीलँडमधून पेनसिल्व्हेनियात ये-जा करत. तिच्या बाजूचं म्हणणं होतं की सगळे मुक्काम मिळवले तर सहा महिने भरतात. मालकाच्या वकिलानं युक्तिवाद केला की सहा महिने सलग हवेत, तुकडे जोडता येणार नाहीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं. बाई आणि मुलं गुलामच राहिली. तो वकील म्हणजे थॅडियस स्टीव्हन्स.

त्यानंतर तो गुलामांच्या मालकांच्या बाजूनं उभा राहिला नाही. पुढे पळून आलेल्यांचे कितीतरी खटले त्यानं फुकट चालवले. १८३७-३८ च्या राज्य घटना परिषदेत मताधिकाराच्या कलमात ‘गोरे’ हा शब्द घातला म्हणून त्यानं अंतिम मसुद्यावर सही केली नाही. १८५१ च्या ख्रिस्तियाना प्रकरणात, जिथे पळालेल्या गुलामांना धरायला आलेला एडवर्ड गोर्सच नावाचा मालक मारला गेला, आरोपींच्या बचावात तो होता. कॅस्टनर हॅनवेवर राजद्रोहाचा खटला उभा केला होता. ज्युरीनं पंधरा मिनिटांत निर्दोष ठरवला.

मुंगळा

शाळांबद्दल कुणी लिहिलं नाही. माझ्या मते त्याचं सगळ्यात टिकाऊ काम तेच.

पेनसिल्व्हेनियात १८३४ चा मोफत शाळांचा कायदा झाला. स्थानिक कर लावून सगळ्यांसाठी शाळा, पण जिल्ह्यानं कायदा स्वीकारायचा की नाही हे जिल्ह्यावर. विरोध जबरदस्त. जर्मन शेतकऱ्यांच्या, क्वेकरांच्या आपापल्या पंथाच्या शाळा आधीच होत्या. दुसऱ्याच्या पोरांसाठी आपण कर का भरायचा, हा प्रश्न. १८३५ साली राज्याच्या सिनेटनं कायदा रद्द करण्याचं विधेयक पास करून खाली पाठवलं. ११ एप्रिलला स्टीव्हन्सनं रद्द करण्याचा मजकूर पूर्ण काढून त्या जागी कायदा मजबूत करणारा मजकूर घालायची दुरुस्ती मांडली आणि त्यावर भाषण केलं. त्याच्या मतदारसंघातला कल उलटा होता, तरी दुरुस्ती पास झाली आणि कायदा वाचला. भाषण गाजलं हे खरं, पण दुरुस्तीचा प्रकार पाहा: नुसतं ‘नको’ म्हणत बसण्याऐवजी विरोधकांच्याच विधेयकाच्या पोटात आपला मजकूर.

घटनापीठ

युद्धकाळातल्या पैशांबद्दल थोडं. जुलै १८६१ पासून तो ‘वेज अँड मीन्स’ समितीचा अध्यक्ष. तेव्हा कर, खर्च आणि बँका ही तिन्ही खाती त्या एकाच समितीकडे. १८६५ ला तिचे तीन तुकडे झाले, तेव्हा त्यानं खर्चाची समिती घेतली.

डिसेंबर १८६१ च्या अखेरीस बँकांनी सोन्यात पैसे द्यायचं थांबवलं. सैन्याचा पगार द्यायला तिजोरीत नाणं नाही. तोडगा म्हणून २५ फेब्रुवारी १८६२ चा कायदा: १५ कोटी डॉलरच्या कागदी नोटा, मागे सोनं नाही, पण देण्याघेण्यात नाकारता येणार नाहीत. याच ‘ग्रीनबॅक’. मसुदा एल्ब्रिज स्पॉल्डिंगचा, सभागृहातून रेटून नेला स्टीव्हन्सनं. जुलै १८६२ आणि मार्च १८६३ ला आणखी दीड-दीडशे दशलक्ष, म्हणजे एकूण मंजुरी ४५ कोटी.

गोची सिनेटमध्ये झाली. तिथे दुरुस्ती आली की आयात कर सोन्यातच भरायचा आणि सरकारी रोख्यांचं व्याजही सोन्यातच द्यायचं. स्टीव्हन्स यावर अखेरपर्यंत नाराज होता. त्याचं म्हणणं असं की एका देशात दोन चलनं झाली: सावकाराला सोनं, शिपायाला कागद. झालंही तसंच. जुलै १८६४ मध्ये १०० डॉलरचं सोनं घ्यायला २८५ कागदी डॉलर लागत होते, म्हणजे कागदी डॉलरची किंमत ३५ सेंट. अर्थात सोन्याची अट नसती तर रोखे कुणी घेतले असते का, हाही प्रश्न आहेच. मला तरी सिनेटची बाजू इथे व्यवहाराची वाटते.

तिरपी रेघ

पैशांवरून आठवलं, तो लोखंडाच्या धंद्यातही होता. गेटिसबर्ग आणि चेंबर्सबर्गच्या मध्ये कॅलेडोनिया नावाची भट्टी त्याच्या मालकीची. धंद्यानं त्याला कर्जातच घातलं. लँकेस्टरला जाण्याचं तेही कारण. आयात लोखंडावर जबर कर असावा, हा आग्रह त्यानं आयुष्यभर धरला, आणि त्यात स्वतःचा फायदा नव्हता असं म्हणता येत नाही. जून १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईच्या आधी दक्षिणेचा जनरल ज्युबल अर्ली तिथून गेला तेव्हा त्यानं मालक कोण हे माहीत असूनच, किंबहुना म्हणूनच, ती भट्टी जाळून टाकली.

बखरवाला

आता या धाग्याच्या मूळ मुद्द्याकडे. एवढं सगळं जमवणाऱ्या माणसाला जमीन का जमली नाही?

सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्यानं आकडेच मांडले:

बंडखोर राज्यांतली एकूण जमीन: ४६ कोटी ५० लाख एकर.
२०० एकरांवरचे मालक: सुमारे ७० हजार. त्यांच्याकडे राज्यांच्या मालकीची धरून ३९ कोटी ४० लाख एकर. बाकी सगळ्यांकडे मिळून ७ कोटी १० लाख.
ही ३९.४ कोटी एकर जप्त करायची. प्रत्येक प्रौढ मुक्त पुरुषाला ४० एकर. असे १० लाख धरले तर ४ कोटी एकर.
उरलेली ३५.४ कोटी एकर लिलावात विकायची. सरासरी १० डॉलर एकरी, म्हणजे ३५४ कोटी डॉलर.
त्यातले ३० कोटी रोख्यांत गुंतवून व्याजातून जखमी सैनिक, विधवा, अनाथांचं निवृत्तिवेतन वाढवायचं. २० कोटी एकनिष्ठ लोकांच्या नुकसानभरपाईला. राहिलेले ३०४ कोटी राष्ट्रीय कर्जात भरायचे.

म्हणजे मुक्त झालेल्यांना जमिनीचा जेमतेम दहावा हिस्सा, बाकी सगळं उत्तरेच्या करदात्याच्या खिशासाठी. मतं कुठून येतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणून मांडणी अशी.

चाळीस एकर म्हणजे १,६०० गुंठे. एका कुटुंबाला खेचराच्या जोडीनं कसता येईल इतकी.

मुंगळा

आकडे बरोबर, पण हिशोबात भोक आहे. ३५.४ कोटी एकर एकदम बाजारात आणल्यावर १० डॉलर भाव टिकणार कसा? दक्षिणेतल्या लोकांकडे नाणं नाही. तिथल्या नोटा युद्ध संपताच रद्दी झालेल्या. घेणार कोण, तर उत्तरेतला भांडवलवाला, तोही पडत्या भावात आणि मोठाले तुकडे. शिवाय ३९.४ कोटींत जंगल, दलदल आणि राज्यांची पडीक जमीनही धरली आहे. त्या वेळचं राष्ट्रीय कर्ज पावणेतीनशे कोटींच्या आसपास होतं. हा हिशोब खरा धरला तर कर्ज फिटून वर पैसे उरतात! असं गणित विरोधकाच्या हातात आयतं कोलीत देतं.

मुक्त झालेल्यांच्या ४ कोटी एकरांसाठी लिलावाची गरजच नव्हती. तो भाग सुटा मांडला असता तर?

घटनापीठ

मांडला होता की. फेब्रुवारी १८६६ मध्ये फ्रीडमेन्स ब्युरोच्या (मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याच्या) विधेयकाला दुरुस्ती म्हणून, की बंडखोरांच्या जप्त जमिनी मुक्त झालेल्यांना द्याव्यात. ३७ विरुद्ध १२६ नं पडली. आपल्याच पक्षातले बहुसंख्य विरोधात. मार्च १८६७ मध्ये पुन्हा स्वतंत्र विधेयक आणलं, ते तर मतदानापर्यंतही गेलं नाही.

कारणं तीन दिसतात. पहिलं घटनेचं. राजद्रोहाच्या शिक्षेत जप्ती गुन्हेगाराच्या हयातीपुरतीच, वारसांचा हक्क बुडत नाही, असं तिसऱ्या अनुच्छेदात आहे. १८६२ च्या जप्ती कायद्याच्या वेळी लिंकननं हाच आक्षेप घेतला आणि काँग्रेसला खुलाशाचा ठराव जोडावा लागला. आयुष्यभराच्या मुदतीची जमीन कोण विकत घेणार? स्टीव्हन्सचं यावर उत्तर होतं की ही राज्यं म्हणजे जिंकलेला प्रांत आहे, तिथे घटनेचं हे कलम लागूच नाही. पण ‘जिंकलेला प्रांत’ हा सिद्धांत त्याच्या पक्षातही फार थोड्यांना पचला.

दुसरं कारण जॉन्सन. २९ मे १८६५ च्या जाहीरनाम्यानं एकनिष्ठेची शपथ घेणाऱ्यांना गुलाम वगळता सगळी मालमत्ता परत. २० हजार डॉलरवरच्या मालमत्तेच्या बंडखोरांना वैयक्तिक माफी मागायची अट होती, पण ती माफी हजारोंनी वाटली गेली. माफी मिळाली की जमीन परत. उत्तरेच्या जनरल शर्मननं जानेवारी १८६५ च्या हुकमानं किनारपट्टीवर सुमारे ४० हजार लोकांना चाळीस एकरांपर्यंतचे तुकडे दिले होते. त्यातल्या बहुतेकांना उठवलं ते याच माफीच्या जोरावर.

तिसरं कारण कापूस. उत्तरेतल्या गिरण्यांना कापूस हवा होता. आपल्या चाळीस एकरांत कुटुंब आधी मका आणि डुकरं बघेल, कापूस मग.

रानवाट

चौथं मीच जोडतो. आज दक्षिणेत मालकाची जमीन काढली तर उद्या न्यू इंग्लंडमधल्या गिरणीचं काय, हा धसका. रिपब्लिकन पक्ष हा शेवटी मालमत्ता मानणाऱ्यांचा पक्ष होता.

आणि जून १८६६ चा दक्षिणेतला होमस्टेड कायदा विसरू नका. अलाबामा, आर्कान्सा, फ्लोरिडा, लुइझियाना, मिसिसिपी या पाच राज्यांतली सुमारे ४ कोटी ६० लाख एकर सरकारी जमीन खुली, पहिली दोन वर्षं माणशी ८० एकर. कागदावर छान. प्रत्यक्षात जमीन म्हणजे पाइनचं रान आणि पाणथळ. झाडं तोडायला अवजारं नाहीत, पहिलं पीक येईपर्यंत खायला नाही, अर्जाचं कार्यालय कोसांवर. १८७६ ला कायदा गुंडाळला आणि लाकूडवाल्यांचं फावलं.

ओसरीवरची

महाभियोगाचं कुणीतरी थोडक्यात लिहा ना. तिथे तर मतं मोजण्यात चूक झाली म्हणायची?

तिरपी रेघ

मोजणीत नव्हे, मसुद्यात.

२ मार्च १८६७ चा कायदा म्हणत होता की सिनेटच्या संमतीशिवाय अध्यक्षानं अधिकारी काढायचे नाहीत. मंत्र्यांपुरती भाषा वेगळी: ज्या अध्यक्षानं नेमलं त्याची मुदत आणि वर एक महिना. जॉन्सननं २१ फेब्रुवारी १८६८ ला युद्धमंत्री एडविन स्टँटनला काढलं. तीन दिवसांत प्रतिनिधिगृहाचा महाभियोग, १२६ विरुद्ध ४७. पण स्टँटनला नेमलं होतं लिंकननं! मग त्याला संरक्षण आहे का? पहिलं कलम याच खड्ड्यात अडकलं.

स्टीव्हन्सला ही कलमं अरुंद वाटत होती. म्हणून अकरावं कलम त्यानं घातलं: जॉन्सननं काँग्रेसचे कायदेच धाब्यावर बसवले, असा सगळ्यांना कवेत घेणारा आरोप. हेच सगळ्यात भक्कम समजून १६ मे ला सिनेटनं पहिलं मतदान त्यावर घेतलं. ३५ विरुद्ध १९. सिनेटर ५४, गरज ३६. एक मत कमी. २६ मे ला आणखी दोन कलमांवर तेच आकडे, मग खटला संपला. पहिल्या कलमावर मत झालंच नाही.

एडमंड रॉस या एकट्या सिनेटरनं अध्यक्षाला वाचवलं, ही ऐकीव कथा सोडून द्या. सात रिपब्लिकन फुटले होते. त्यांत आपला पंधरांच्या समितीचा फेसेंडेनही.

स्टीव्हन्स तोवर इतका खंगला होता की त्याला खुर्चीत बसवून दोन जण उचलून आणत. २७ एप्रिलच्या भाषणात आवाज बसला आणि उरलेलं भाषण बेंजामिन बटलरनं वाचलं.

नवा भिडू

हे मतांचे आकडे मुळातून तपासायचे असतील तर कुठे आणि कसे पाहावेत?

बखरवाला

त्या काळचं कामकाज ‘काँग्रेशनल ग्लोब’मध्ये आहे, १८३३ ते १८७३. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पानांची छायाचित्रं मोफत. आधी काँग्रेस आणि अधिवेशनाचा क्रमांक पक्का करा: डिसेंबर १८६५ ते जुलै १८६६ म्हणजे एकोणचाळिसावी काँग्रेस, पहिलं अधिवेशन. मग त्या अधिवेशनाच्या सूचीत सदस्याच्या आडनावाखाली ठराव, भाषणं यांची पानं मिळतात. पान तीन रकान्यांचं असतं, टंक बारीक. मतदानाची नोंद तीन भागांत येते: बाजूनं, विरुद्ध आणि मत न दिलेले. तिसरा भाग वगळू नका. दोन तृतीयांश हे हजर राहून मत देणाऱ्यांचे असतात, त्यामुळे गैरहजर कोण यावर निकाल फिरतो.

उदाहरण गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या दुरुस्तीचं, प्रतिनिधिगृहातलं. १५ जून १८६४: ९३ विरुद्ध ६५, एकूण १५८, हवी होती १०६, तेरा कमी. ३१ जानेवारी १८६५: ११९ विरुद्ध ५६, एकूण १७५, हवी होती ११७. आठ जण त्या दिवशी आलेच नाहीत. ते येऊन विरुद्ध गेले असते तर १८३ मधली १२२ लागली असती आणि दुरुस्ती पडली असती.

एक सावधगिरी. भाषणं शब्दशः असतीलच असं नाही, सदस्य छापण्यापूर्वी ती तपासून दुरुस्त करत.

रानवाट

अवांतर, पण इथेच हवं. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल. स्टीव्हन्स जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. चौदावी दुरुस्ती लागू होऊनही पाचच.

घटनापीठ

अवांतर कसलं, बरोबर जागी आलं. फक्त यावरून फुल्यांनी स्टीव्हन्स वाचला होता अशी उडी कुणी मारू नये. अर्पण लोकांना आहे, पुढाऱ्यांना नाही.

ओसरीवरची

लिडिया हॅमिल्टन स्मिथचं नाव अजून कुणी घेतलं नाही. मिश्रवंशीय विधवा. स्टीव्हन्सचं घर आणि बराचसा व्यवहार तिनं वीस वर्षं सांभाळला. त्यांच्या नात्याबद्दल तेव्हाही कुजबुज होती, पण पुरावा कुठल्याच बाजूचा नाही, तेव्हा ते सोडू. मृत्युपत्रात तिला वर्षाला ५०० डॉलर किंवा एकरकमी ५,००० असा पर्याय होता. तिनं पुढे त्याचं राहतं घर विकत घेतलं. त्याच आवारात २००० नंतरच्या उत्खननात पाण्याचं एक जुनं टाकं सापडलं, पळून आलेल्यांना लपवण्यासाठी ते वापरलं जात असावं असं उत्खनन करणाऱ्यांचं मत आहे.

बखरवाला

मृत्युपत्रातली पुढची कलमंही वाचण्यासारखी आहेत. पुतण्याला इस्टेट, पण अट अशी की दारू पूर्ण सोडायची आणि पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी ते सिद्ध करायचं. पुतण्या १८७४ ला वारला, अट पुरी न करता. मग पैसा अनाथाश्रमाकडे वळला. त्यातूनच लँकेस्टरची आजची थॅडियस स्टीव्हन्स तंत्रशाळा उभी राहिली, १९०५ साली.

दफनही ठरवून. शहरातल्या बाकीच्या दफनभूमींच्या नियमांत वर्णाची अट होती, म्हणून त्यानं श्राइनरची लहानशी जागा निवडली आणि कारण थडग्यावर कोरून घेतलं.

मुंगळा

अनाथाश्रमाच्या कलमाचा मजकूर अर्धाच सांगितलात. प्रवेशात आणि वागणुकीत वर्ण पाहायचा नाही. आईबापांच्या वंशामुळे किंवा धर्मामुळे कुणाला वगळायचं नाही. जर्मन, आयरिश, मुसलमान अशी नावं घेऊन लिहिलंय. सगळ्यांना एकाच वर्गात शिकवायचं. आणि शेवटी: जेवायला एकाच टेबलाशी बसवायचं.

ओसरीवरची

म्हणजे पंक्तिभेद नाही, हे मृत्युपत्रात लेखी!